बापाच्या वरची पायरी

आमच्या भावोजींना, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, कशाचीही वाट बघता येत नसे. शिजेपर्यंत दम धरवतो पण निवेपर्यंत धरवत नाही, असं लोक म्हणतात. आमच्या भावोजींना शिजेपर्यंतही धरवत नसे. चुलीवर भात खदखदत असतानाच ते पाट मांडून बसायचे आणि बोटचेपा नसलेला भात कराकरा चावून उठायचे. स्वतःच्या लग्नात अंतरपाट भटजींच्या आधी त्यांनीच खाली ओढला होता, हे आमच्याकडे अजून सांगतात. रोहिणीचा शिंतोडा पडला की सगळं गाव आभाळाकडे बघत बसे आणि हे कोरड्या धुळीतच, धूळवाफेवर पेरून मोकळे. दोन वर्षांतून एकदा त्यांचं रोप जळायचं, पण शहाणपण काही यायचं नाही. नाव बाबाजी, पण गाव त्यांना पाठीमागे घाईबाबा म्हणायचं, आणि कधीकधी तोंडावरही.

बाय, म्हणजे ठमाबाई, माझी थोरली बहीण. तिच्या वाट्याला हा माणूस आला आणि तिने तो कुरकुर न करता सांभाळला. पोटी मूल नव्हतं. नवस-सायास झाले, अंगारे झाले, मग दोघांनी तो विषय कायमचा बंद केला. चौलच्या आतल्या अंगाला त्यांचं गाव, भाताची शेतं, दारात दोन बैल. मी रेवदंड्याला बंदरावर आगबोटीची तिकिटं फाडायचो, त्यामुळे येणारं-जाणारं प्रत्येक माणूस माझ्या डोळ्यांखालून जायचं. घरच्या भानगडींत मला नेहमी मधे घालायचे ते त्याचमुळे.

आता पायऱ्यांचं सांगतो. चौल एके काळी म्हणे मोठं बंदर होतं, देशोदेशींची गलबतं इथे लागायची. ते बंदर गेलं, उरल्या माडांच्या वाड्या आणि चौलच्या डोंगरावरच्या दत्ताच्या पायऱ्या. पायऱ्या किती यावर कुणाचं एकमत नाही. जो मोजतो तो वेगळा आकडा घेऊन खाली येतो आणि त्यावरून भांडतो. काळ्या दगडाच्या, उभ्या चढणीच्या, मधे मधे घासून तुळतुळीत झालेल्या. दत्तजयंतीला जत्रा भरते तेव्हा मुंबईपासून माणूस येतं आणि या पायऱ्या चढल्याशिवाय जत्रा झाली असं कुणी मानत नाही. काही पायऱ्यांवर नावं कोरलेली आहेत. आमच्या भागातल्या लोकांत अशी चाल होती, की घरातलं कुणी वारलं आणि ऐपत असली, की त्याच्या नावाने एक फुटकी पायरी काढून नवी बसवायची. येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांचे पाय त्या नावावर पडले, की गेलेल्याचं पाप झिजतं. मात्र घरच्या माणसाने त्या नावावर पाय द्यायचा नाही. परक्याने तुडवायचं, घरच्याने ओलांडायचं, आणि ओलांडताना वाकून बोटं दगडाला लावून डोळ्यांना लावायची. जत्रेत चढणाऱ्या गर्दीत कोण कुठे वाकतो ते बघितलं, की कोण कुणाचा हे न विचारता कळतं.

भावोजींच्या वडिलांचं नावही त्या पायऱ्यांत होतं, चढणीच्या मध्यावर, जिथून झाडी विरळ होते आणि कोर्लईचा किल्ला नि समुद्र एकदम समोर येतो. ती पायरी भावोजींनीच घातली होती, बाप गेल्यावर वर्षभरात. पण बापाला उचललं त्या दिवशीच त्यांनी भाऊ गमावला होता.

धाकटा भाऊ धर्माजी मुंबईला गोदीत कामाला होता. म्हाताऱ्याचा त्याच्यावर फार जीव. वैशाखात म्हातारा दुपारी गेला, लगेच तार केली, आणि दुसऱ्या दिवशीच्या आगबोटीने धर्माजी निघाला. बोट नेहमी सकाळी लागायची. त्या दिवशी लागली नाही. मी बंदरावरून निरोप धाडला, की बोटीला उशीर आहे पण बोट येणार आहे, थांबा. गाव थांबायला तयार होतं. चार म्हातारे म्हणाले, दुपार कलेपर्यंत काही बिघडत नाही. पण भावोजी तिरडीभोवती येरझाऱ्या घालत होते, आणि दहा वाजताच म्हणाले, "मेलेलं मानूस ताटकळत ठिवू नये. उचला." थोरल्या मुलापुढे कोण बोलणार? उचललं.

बोट दुपारी आली. धर्माजीला मीच गाडीत घालून घेऊन गेलो, आणि वाटेत स्मशानातला धूर बघून मीच त्याला सांगितलं. तो रडला नाही. खांद्यावरचं गाठोडं खाली न ठेवता विझत आलेल्या चितेसमोर उभा राहिला. मग भावाकडे बघून एवढंच म्हणाला, "माझ्या बापाचं त्वांड बघाय थांबला न्हाईस. आता माझी वाट कवाच बघू नको." आणि आल्या पावली बंदरावर परत. मला त्या दिवशी भावोजींचा इतका राग आला होता, की बहिणीचा नवरा नसता तर मी दोन शब्द बोललो असतो.

त्यानंतर बारा-तेरा वर्षं दोघांत शब्द नाही. धर्माजी दरसाल दत्तजयंतीला बोटीने यायचा. मला रामराम करायचा, डोंगर चढायचा, बापाच्या पायरीशी वाकायचा, वर दत्ताला जायचा आणि संध्याकाळच्या बोटीने परत. घरी पाऊल नाही. मी हे बायला सांगायचो, बाय भावोजींना सांगायची. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण जत्रेच्या दिवशी डोंगराकडे फिरकायचेही नाहीत. भाऊ वर असताना आपण समोर पडू नये, एवढी लाज त्यांना होती. पुढे गोदीत पाठीवरच्या पोत्यासकट फळीवरून पडून धर्माजीचा गुडघा कामातून गेला. तरी तो यायचा, फक्त चढायला जास्त वेळ घ्यायचा.

मिठाच्या चळवळीनंतरच्या पावसाळ्यात भावोजींना मोठं आजारपण आलं. खाटेवर पडून माणूस विचार करतो. यांच्यासारखा घाईचा माणूस पडला, की वाकडाच विचार करतो. बरे होऊन उठले ते थेट पाथरवटाकडे गेले. माणगावच्या बाजूचा एक पाथरवट तेव्हा डोंगरावर डागडुजी करत होता. बापाच्या वरची पायरी मधोमध तडकली होती. तिच्या जागी यांनी नवा दगड बसवायला सांगितला आणि त्यावर पायरीभर नाव कोरायला सांगितलं ते स्वतःचं.

जित्या माणसाने स्वतःची पायरी घातल्याचं आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. पाथरवटालाही खोटं वाटलं. त्याने दोनदा विचारून घेतलं म्हणे. बायला हे कळलं तेव्हा दगड बसून चुना वाळलाही होता. ती माझ्याकडे रेवदंड्याला आली आणि माझ्या हापिसातल्या बाकड्यावर बसून राहिली. कपाळावरच्या कुंकवाला हात लावून म्हणाली, हे एवढं मोठं असताना माणूस असं करतो का? मरणाचीसुद्धा घाई, एवढंच मला सुचलं, आणि ते मी तिच्यासमोर बोललो नाही.

दगड कसा बसलाय ते बघायला भावोजी आम्हा दोघांना घेऊन डोंगरावर गेले. ते पुढे, आम्ही मागे. बापाच्या पायरीशी आले, वाकले, बोटं डोळ्यांना लावली आणि रीतीप्रमाणे ती पायरी ओलांडून वर पाय टाकला. तो पाय बरोबर स्वतःच्या नावावर पडला.

ते तसेच उभे राहिले. मला वाटतं, तेव्हाच त्यांना कळलं. बापाची पायरी जो ओलांडणार त्याचं पाऊल लेकाच्या नावावर पडणार, दुसरी जागाच नाही. बापाच्या जवळ असावं म्हणून त्यांनी ती पायरी निवडली होती, आणि बापाला मान देणारा प्रत्येक घरचा माणूस आता त्यांना तुडवणार होता. दोन्ही पायऱ्या एकदम ओलांडायच्या तर तरण्या पोराची ढांग हवी. बाजूने जायचं म्हणाल तर एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला करवंदीची काटेरी जाळी नि खाली उतार. चार दिवस दम धरून, एकदा स्वतः चढून बघितलं असतं तरी हे दिसलं असतं. बायने तोंडाला पदर लावला. मला आधी हसू आलं आणि मग त्यांचं तोंड बघून ते गेलं.

घरी येऊन ओटीवर बसले आणि बायला म्हणाले, "औंदा जत्रंला मी वर बसनार हाय. धर्मा येल. त्यानं माझं नाव वलांडलं तर मला भाव हाय. वर पाय दिला तर न्हाय." बायने विचारलं, त्याच्या त्या गुडघ्याने तो दोन पायऱ्या कशा ओलांडणार? त्यावर ते आत निघून गेले. माणसाने आपला फास आपणच विणावा आणि गाठही आपणच पक्की करावी, तसा प्रकार.

जत्रेच्या आधीच बायने माझ्या गळ्यात हे काम घातलं, की तू त्यांच्यासोबत बस, ते काहीतरी वेडंवाकडं करतील. जत्रेच्या दिवशी बंदरावर सगळ्यात जास्त गर्दी, आणि मला सुट्टी मागावी लागली. साहेबाने दिली, पण जी बोलणी खाल्ली ती मीच जाणे. दिवस उजाडताना आम्ही तिघं डोंगराच्या पायथ्याशी होतो. घोंगडीवाले दुकानं मांडत होते, खाज्याच्या कढया तापत होत्या, हवेत चांगला गारठा होता. भावोजी कुणाकडे न बघता चढत सुटले.

ते आपल्या पायरीच्या वरच्या पायरीवर, कातळाला पाठ लावून बसले. मी त्यांच्याशेजारी. बाय मात्र बापाच्या पायरीच्या खालीच थांबली. तिची अडचण तिने मला आदल्या दिवशीच सांगितली होती. नवऱ्याच्या नावावर पाय कसा देणार? आणि ओलांडायचं तर ओलांडतात ते मेलेल्याचं नाव. मग आपल्या हाताने आपलं कुंकू पुसल्यासारखंच की. तेव्हा तिने खालूनच दत्ताला हात जोडले, भाकरीचं फडकं मांडीवर घेतलं आणि बसली. नवरा वर, बायको खाली, मधे सासरा आणि नवरा दगडात. जाणारे-येणारे बघून जायचे.

गर्दी वाढली तसे भावोजींच्या नावावर पाय पडू लागले. वहाणा हातात घेतलेल्यांचे, धुळीचे, भेगाळलेले, जोडव्यांचे, सगळ्या तऱ्हेचे पाय. ते एकेक पाऊल बघत होते. थळची एक कोळीण, मनुबाई नावाची, डोक्यावर टोपली घेऊन दम खायला थांबली. तिने एका वाचता येणाऱ्या माणसाकडून नाव वाचून घेतलं, टोपलीतलं झेंडूचं फूल काढून दगडावर ठेवलं आणि शेजारी बसलेल्या भावोजींना हळहळत विचारलं, "कोन गेला वो तुमचा?"

"मीच," भावोजी म्हणाले.

ती बाई टोपली सावरत एवढ्या चपळाईने वर गेली, की खालचे लोक वाट सोडून बाजूला झाले. एरवी मी हे महिनाभर सांगत हिंडलो असतो. पण भावोजी हसले नव्हते, त्यामुळे मलाही हसता येईना.

तिथून समुद्र दिसत होता, आणि भावोजींचं अर्धं लक्ष तिकडे होतं. सकाळची बोट दिसेना. मला तिची वेळ पाठ होती आणि ती कधीच टळली होती. मी त्यांना सांगितलं, की या दिवसांत खाडीच्या तोंडाशी धुकं असतं, आणि एकदा भरती चुकली की बोटीवरून किनाऱ्यावर आणणारे पडाव रुततात, मग उतारूंना पाणी वाढेपर्यंत बोटीवरच बसावं लागतं. दुपारपर्यंत काही खरं नाही. ते म्हणाले, येऊ दे.

ऊन डोक्यावर आलं. बायने खालून भाकरी वर दिली. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. ज्या माणसाला भात शिजेपर्यंत दम धरवत नाही, तो उपाशी बसून होता. मी म्हटलं, भावोजी, पाय मोकळे करून या, मी बसतो, तो आला की हाक मारतो. त्यांनी मान हलवली. बायने खालून सांगितलं, की तो कदाचित यंदा येणारच नाही, गुडघा दुखत असेल, घरी चला. "बोट आली न्हाय अजून," ते म्हणाले. जत्रेची पहिली लाट उतरून गेली, दुसरी चढू लागली, तरी ते तिथेच. मांडी घातलेली, हात गुडघ्यांवर, एकदाही उठून येरझारा नाही. मी त्यांना पंचवीस वर्षं ओळखत होतो, पण तेव्हा माझ्या शेजारी बसलेला माणूस मला ओळखीचा वाटेना. बाय माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. आम्हा दोघांनाही तो वैशाखातला दिवसच आठवत होता.

दुपार कलल्यावर खाडीबाहेर धूर दिसला. भावोजींना तो माझ्याआधी दिसला.

त्यानंतरही बराच वेळ गेला. पडावातून उतरायचं, रेवदंड्याहून चालत डोंगर गाठायचा, मग त्या गुडघ्याने चढायचं. उन्हं पिवळी झाली तेव्हा खालच्या वळणावर धर्माजी दिसला. काठी टेकत, एक पाय आधी ठेवून दुसरा त्याच्याशी आणत येत होता. केस पांढरे झाले होते. त्याने आधी बायला बघितलं आणि थबकला. "वयनी, हितं कशा?" असं त्याने विचारलं. बायने वर बोट केलं.

त्याने वर बघितलं. भाऊ दिसला, मग दगड दिसला. त्याला वाचता येत होतं. गोदीत शिकला होता. त्याने ते नाव वाचलं, आणि पुन्हा भावाकडे बघितलं, की हा माणूस खरंच समोर आहे ना. मग त्याची नजर एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर आणि परत अशी फिरली. हिशोब त्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. तो वाकला, बापाच्या नावाला बोटं लावली, डोळ्यांना लावली आणि काठीवर भार देऊन तिथेच उभा राहिला. मागून लोक यायला लागले. कुणी म्हणालं, बाबा, चढा की. तो हलला नाही.

भावोजी उठले. दिवसभर बसून पाय आखडले होते, कातळाला धरून उठले. वरच्या पायरीवर उभं राहून त्यांनी हात खाली केला. 

धर्माजीने हात घेतला नाही. "कवाधरनं बसलास?" त्याने विचारलं.

"सकाळधरनं. बोट आली न्हवती."

"त्या दिशी बी आली न्हवती," धर्माजी म्हणाला.

मागचे लोकही पुढे रेटायचे थांबले. त्यांना काही ठाऊक नव्हतं, पण आवाजावरून माणसाला कळतं. मला वाटलं, संपलं आता. बारा-तेरा वर्षं त्याने हे वाक्य जपून ठेवलं असणार, आणि ते चुकीचं नव्हतं. भावोजींनी मान खाली घातली. पण हात मागे घेतला नाही. खांद्यापासून सरळ खाली, तसाच. "व्हय," ते म्हणाले. "थांबाय पायजे हुतं."

पंचवीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी असं वाक्य ऐकलं नव्हतं. खाली बसलेल्या बायने तोंड फिरवलं.

धर्माजीने काठी माझ्याकडे फेकली आणि भावाचा हात धरला. ओढणारा आजारातून उठलेला, येणारा एका पायाने अधू. मी भावोजींना कमरेला धरलं, खालून कुणीतरी परक्या माणसाने धर्माजीला टेकू दिला, आणि तो दोन पायऱ्यांवरून वर आला. आला म्हणजे जवळजवळ आला. चांगला पाय वर पोचला. दुखरा मागे राहिला आणि टाच भावोजींच्या नावाच्या कडेला घासून गेली. सगळ्यांनी बघितलं. धर्माजीचं तोंड उतरलं. तो तसाच खाली बसला आणि ते नाव हाताने पुसू लागला, मनुबाईचं चुरगळलेलं फूल बाजूला करून, पुन्हा पुन्हा.

"ऱ्हाऊ दे," भावोजी म्हणाले. "मी जिता हाय अजून."

धर्माजी हसला की काय झालं त्याला, कोण जाणे. त्याच्या घशातून एक आवाज आला एवढं खरं. मग दोघं त्या वरच्या पायरीवर शेजारी बसले. लोक चढू लागले, त्यांच्या बाजूने वाट काढून. धर्माजी गुडघा चोळत होता. चोळता चोळता त्याने विचारलं, की जिता आहेस तर मग हा दगड घालायची एवढी काय घाई झाली होती?

"माझ्यामागं कोन घालनार?" भावोजी म्हणाले.

ते साध्या आवाजात म्हणाले, कुणाला लागावं म्हणून नाही. खालून बायने ते ऐकलं. इतक्या वर्षांत दोघांनी बंद करून ठेवलेला विषय असा भर जत्रेत उघडला होता. तिला वाईट वाटलं, मलाही वाटलं. धर्माजी समुद्राकडे बघत राहिला. परतीची बोट धूर काढत उभी होती आणि ती आता त्याला मिळणार नव्हती, हे त्याला आणि मला दोघांनाही दिसत होतं.

"पाथरवटाला सांग, दगूड पालथा घाल," तो शेवटी म्हणाला. "नाव खाली. येळ आली म्हंजे मी येऊन सुलटा करीन."

भावोजींनी त्याच्याकडे बघितलं नाही. धोतराच्या सोग्याने नाक पुसलं आणि मान डोलावली.

मग धर्माजीने खांद्यावरचं उपरणं काढलं, चार पदरी घडी केली, भावाच्या नावावर अंथरलं आणि बायला म्हणाला, वयनी, या आता. बाय सासऱ्याच्या पायरीशी वाकली, ती ओलांडली, आणि त्या उपरण्यावर पाय ठेवून वर आली. इतकं सोपं होतं. हे दिवसभरात आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तर भावोजी तिथे बसलेच नसते. बायने फडकं सोडून भाकरी वाटली. चौघांनी तिथेच खाल्ली. भावोजींनी सगळ्यांच्या आधी संपवली.

दत्ताचं दर्शन व्हायचं होतं म्हणून उठलो. धर्माजीने एक हात काठीवर ठेवला होता आणि दुसरा भावाच्या खांद्यावर. चार-सहा पायऱ्या चढल्यावर भावोजी अडखळल्यासारखे थांबले. त्यांच्या मनात काहीतरी आलं होतं आणि ते बोलून टाकल्याशिवाय त्यांना पुढे जाववेना.

"आन माझी येळ आली तवा बोटीला उशीर झाला तर?" त्यांनी विचारलं.

धर्माजीने पुढच्या पायरीवर काठी टेकली. "तर थांब," तो म्हणाला. "आता जमतंय तुला."